स्टेडियमचं कार्ड सक्तीचं: सोय नक्की कुणाची?

पूर्व स्टँड:
काल एकाने इथे ठासून लिहिलं की फुटबॉल स्टेडियममध्ये रोख बंद करून क्लबचं प्रीपेड कार्ड सक्तीचं केलं ते प्रेक्षकांच्या सोयीसाठीच, आणि कुरकुर करणाऱ्यांना कुठलाच बदल नको असतो. हे वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मला कार्डाचं वावडं नाही. रोजचा व्यवहार मी फोनवरूनच करतो. पण खिशात बँकेचं कार्ड असताना क्लबचं आणखी एक कार्ड मी का घ्यायचं, आणि काही विकत घेण्याआधीच त्यात पैसे का भरून ठेवायचे?

मागच्या वर्षी आमच्या टीमची मॅच दुसऱ्यांच्या मैदानावर होती. मुलाला तहान लागली. काउंटरवर रोख चालेना, बँकेचं कार्डही चालेना. कार्ड विकणाऱ्या खिडकीची रांग वेगळी, पाण्याची वेगळी. कार्डात कमीत कमी भरायची रक्कम पाण्याच्या बाटलीच्या कितीतरी पट. बाटली हातात येईपर्यंत दुसरा हाफ सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. आमचा बरोबरीचा गोल आम्ही स्टँडखालच्या बोळात उभं राहून नुसता ऐकला. डोक्यावरचं काँक्रीट हादरलं, मुलाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आपला का?"

मॅच संपल्यावर शिल्लक परत मागायला गेलो तर खिडकी बंद. त्या मैदानावर मी परत कधी जाणार? ते कार्ड अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे. घरच्या चाहत्याला पुढच्या मॅचला ते वापरता येतं. बाहेरून आलेल्याचे पैसे मात्र तिथेच राहतात. ही माझी सोय?

गल्ल्यावरचा:
मी दोन सीझन काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो, म्हणून बोलतो. पावसात भिजलेल्या नोटा एकमेकींना चिकटतात, सुट्टे पहिल्या वीस मिनिटांत संपतात, समोरचा ओरडत असतो. मॅचनंतर तुम्ही घरी जाता, आम्ही मध्यरात्रीपर्यंत हिशोब जुळवतो. गल्ल्यात कमी भरले की आमच्या मजुरीतून कापायचे. कार्ड आल्यावर हे सगळं थांबलं.

आणि क्लबचं वेगळं कार्ड काढण्यामागे कारण होतं. शिल्लक कार्डातल्या चिपवरच लिहिलेली असते. मशीनला बँकेला विचारत बसावं लागत नाही. हजारो लोक एकाच वेळी फोन काढतात तेव्हा नेटवर्क कोलमडतं, तरी हे कार्ड चालतं.

ऑफसाइड:
कारण होतं, बरोबर. जर्मनीतल्या शाल्के क्लबचं नवं मैदान २००१ मध्ये उघडलं आणि क्लबचं स्वतःचं कार्ड आलं, तेव्हा टॅप करायची बँकेची कार्डं कुणाच्या खिशात होती? म्युनिकच्या मैदानावरही २००५ पासून वेगळं कार्ड होतं, पुढे त्यांनीच ते काढून टाकलं. लंडनच्या टॉटनहॅम क्लबचं स्टेडियम २०१९ मध्ये रोखीशिवायच सुरू झालं, पण तिथे तुमचं नेहमीचं कार्ड किंवा फोन चालतो.

उलट, भरून ठेवलेल्या पैशांचं काय होऊ शकतं ते जर्मनीत २०१५ मध्ये दिसलं. अनेक क्लबांची कार्डं चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि चाहत्यांची शिल्लक अडकली. रोख नको म्हणताय? हरकत नाही. पण मग बँकेचं कार्ड घ्या ना!

रांग १२:
तुमची कार्डं ठेवा बाजूला. खरा त्रास या खाण्यापिण्याचाच आहे. ४० वं मिनिट झालं की अख्खी रांग उठते. आमच्या टीमच्या सेमीफायनलमधला एकमेव गोल मी पाहिलेला नाही, कारण ट्रे घेतलेले तिघं माझ्यासमोर जागा शोधत होते. अकरा वर्षं वाट पाहिली होती त्या मॅचची. ९० मिनिटं तहान काढता येत नाही?

पूर्व स्टँड:
माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याने तहान काढायची?

रांग १२:
मग घरून निघताना पाणी पाजा.

मिडफील्ड:
जरा जिभेला आवर घाला. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. एकदा मॅच चालू असतानाच त्यांची साखर उतरली, हात थरथरायला लागले. गेटवर बाटली काढून घेतलेली, आणि काउंटरवाला म्हणतो कार्ड आणा. शेवटी मागच्या रांगेतल्या एका अनोळखी मुलीने स्वतःच्या कार्डावर कोल्ड्रिंक घेऊन दिलं. तेव्हा आम्हीही कुणाच्या तरी गोलच्या आड आलो असू. माफी मागणार नाही.

रांग १२:
आजारी माणसाबद्दल मी बोललोच नव्हतो. शब्द फिरवू नका.

ऑफसाइड:
तुम्ही सरसकट सगळ्यांनाच सुनावलंत. लोक ४० व्या मिनिटाला उठतात ते हौसेने नाही. नियमाप्रमाणे मध्यंतर १५ मिनिटांपेक्षा मोठं नसतं. त्यात आधी कार्डाची रांग, मग काउंटरची. एक रांग कमी करा, निम्मे लोक जागेवर बसतील.

गल्ल्यावरचा:
एक मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. शिल्लक त्याच दिवशी, बाहेर पडतानाच परत मिळायला हवी. आमच्याकडेही शेवटच्या शिट्टीनंतर अर्ध्या तासात खिडकी बंद व्हायची आणि लोक काच ठोठावायचे. पण रोख परत आणायला माझा विरोधच राहील. तुम्हाला सुट्टे मिळाले की विषय संपतो, पगार आमचा कापला जातो.

पूर्व स्टँड:
पगार कापण्याचं मला माहीत नव्हतं. ते चूकच आहे, आणि त्या बाबतीत तुमची बाजू खरी. पण त्याचा भुर्दंड प्रेक्षकाने का सोसायचा? मजुरी कापणारा मालक आहे, त्याच्याशी भांडा. आणि ज्याच्याकडे बँकेचं कार्डच नाही, एकटा आलेला शाळकरी पोरगा, एखादे आजोबा, त्यांचं काय? अमेरिकेतल्या अटलांटाच्या मैदानाने २०१९ मध्ये रोख बंद केली तेव्हा नोटा टाकून कार्ड देणारी मशीन बसवली. ते कार्ड बाहेरच्या दुकानांतही चालतं, म्हणजे उरलेले पैसे आपलेच राहतात. एवढं केलं तरी मी गप्प बसेन.

गल्ल्यावरचा:
त्याला माझी ना नाही.

रांग १२:
लहान मुलं आणि आजारी माणसं सोडून बोलतो, मग तर चालेल? बॉल कॉर्नरवर ठेवलेला असताना तरी उठू नका. दहा सेकंद थांबा. त्या सेमीफायनलचा गोल कॉर्नरवरूनच झाला होता.