‘दुःख ही देवाची देणगी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

वडगावशेरीकर
काल आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कॅन्सरने गेलेल्या एका बहिणीची बातमी आली. त्याखाली एका भावाने लिहिलं, “दुःख ही देवाची देणगी आहे. रडणारा विश्वासात कच्चा.” तिची मुलं अजून शाळेत आहेत. ती हे वाचतील, एवढंही सुचू नये?

बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. देवाने ईयोबालाही खडसावलं, पण शेवटी कोप झाला तो कारणं सांगणाऱ्या मित्रांवर. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमानेत तर दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने स्वतः प्रार्थना केली. मग आम्ही तेच मागितलं तर कच्चे कसे?

प्रभू दुःखात सोबत असतो, त्यातून काही घडवतो, हा माझाही विश्वास आहे. पण काय घडवलं ते ज्याचं दुःख त्याने सांगावं. शेजाऱ्याने नाही.

खडकीकर
ताई, जन्मांधाची गोष्ट अर्ध्यावर का सोडलीत? पुढे येशू म्हणतो, देवाची कार्ये त्याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून. म्हणजे हेतू आहेच.

माझा मुलगा नगर रोडवर अपघातात गेला. वर्षभर मी चर्चची पायरी चढलो नाही. मग पाळकसाहेबांबरोबर ससून हॉस्पिटलला जायला लागलो, पेशंटच्या नातेवाइकांजवळ बसायला. तो असता तर त्या वॉर्डात मी कधीच गेलो नसतो. हे काम देवाने दिलं असं मी मानतो. ते काढून घेतलंत तर माझ्याकडे नुसता अपघात उरतो.

कोथरूडचा नास्तिक
काका, तुमच्याविषयी आदर आहे. पण तुम्हाला ससूनला पाठवण्यासाठी देवाने तरुण मुलगा नेला? असा देव मला नको. तुम्ही चांगले आहात म्हणून तिथे बसता. श्रेय स्वतःला घ्या.

खडकीकर
देवाने नेला असं मी कुठे लिहिलं? पुन्हा वाचा. आणि माझ्या मुलाला वादात ओढू नका.

कसबा पेठ
कोथरूडकर, पुण्यात राहून पंडिता रमाबाई विसरलात? आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये बाप्तिस्मा, आणि पुढे निराधार बायका-मुलींसाठी केडगावचं मुक्ती मिशन. स्वतः भूक पाहिली होती म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली घेऊन आल्या. दुःखाला हेतू मिळणं याला म्हणतात.

सदाशिवपेठी
आणि त्या मुलींचं धर्मांतर? रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर हे सुधारक बाहेर पडले, ते उगाच? भुकेल्या माणसाला दुःखाचा अर्थ शिकवणं सोपं असतं.

कसबा पेठ
तुमच्या पेठेने त्या विधवांना काय दिलं होतं? केशवपन आणि कोनाडा! माझी पणजी केडगावची. तिथे ती वाचायला शिकली, म्हणून आज मी तुम्हाला उत्तर लिहितेय. ‘पोटासाठी बाटले’ हे ऐकत आम्ही मोठे झालो. आता पुरे.

सदाशिवपेठी
पणजींविषयी एक शब्दही बोललो नाही. प्रश्न संस्थेचा होता.

कोथरूडचा नास्तिक
रमाबाई थोरच. पण त्याच 1897 मध्ये सावित्रीबाई मुंढव्याहून प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन आल्या, त्याच प्लेगने 10 मार्चला गेल्या. त्यांना वधस्तंभ लागला नाही.

कसबा पेठ
नाही लागला. सावित्रीबाईंपुढे मीही हात जोडते. मक्तेदारी कुणी सांगितली? रमाबाईंना मात्र लागला, तेवढं तुम्हीही मान्य करा.

कोथरूडचा नास्तिक
त्यांना लागला, मान्य. सगळ्यांना लागतो हे अमान्य.

वानवडीची सिस्टर
इतिहास झाला असेल तर वॉर्डातलं ऐका. मी नर्स आहे, ख्रिस्ती विश्वासी आहे. शेवटच्या टप्प्यातले पेशंट वेदनेची गोळी नाकारतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, ख्रिस्ताने सोसलं, तूही सोस. एका आजींच्या मुलाने मला मॉर्फीन देऊ दिलं नाही. ‘प्रार्थना चालू आहे’ म्हणाला. आजी रात्रभर ओरडत होत्या. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. पहिल्यांदाच ‘धन्यवाद प्रभू’ म्हणून गप्प बसला नाही. दुखणं थांबवता येत असेल तर आधी थांबवा. अर्थ नंतर शोधा. खडकीचे काका, तुम्ही वॉर्डात बसता ना? तिथल्या लोकांना हे सांगाल का?

खडकीकर
गोळीच्या आड मी कधीच आलो नाही, सिस्टर. सांगेन. पण रोमकरांस पत्रात दुःखातून धीर आणि धीरातून आशा हेही पौलानेच लिहिलंय. ते कुठे ठेवू?

वडगावशेरीकर
स्वतःजवळ ठेवा, काका. ते तुम्ही सोसून मिळवलंय. माझी तक्रार त्या पोस्टवाल्या भावाविषयी आहे. त्याने सोसलेलं नाही, फक्त इतरांना वाटत सुटलाय. त्याने पोस्ट काढावी आणि त्या घरी जाऊन बसावं.

खडकीकर
ते पटलं. पोस्ट काढायला मीच फोन करतो त्याला. पण रविवारी चर्चमध्ये मी मुलाविषयी साक्ष द्यायला उभा राहिलो तर ‘काका, बसा’ म्हणायचं नाही.