टँकच्या पाण्याचा क्षार रिफ्रॅक्टोमीटर ३५ दाखवतो, डिजिटल पेन ३३, कोणावर भरवसा ठेवायचा?

निळं_डबकं (पुणे):
नमस्कार मंडळी, १०० लिटरचा रीफ टँक (कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, दोन क्लाऊन मासे, झोआ आणि एक टॉर्च ही कोरल. टॉर्च आठवडाभर नीट फुलत नाहीये म्हणून सगळ्या टेस्ट परत केल्या, बाकी ठीक आहे पण क्षाराचं गणितच जुळेना. रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षार सांगणारा; एटीसीवाला म्हणजे तापमानाचा फरक आपोआप सुधारणारा, ऑनलाइन घेतलेला) बरोबर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) येतं, मित्राकडून आणलेला कंडक्टिव्हिटी पेन (पाणी वीज किती वाहून नेतं ते मोजणारा) ३३ दाखवतो, आणि जुना काट्यावाला प्लास्टिकचा हायड्रोमीटर आहे तो १.०२२ वर (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या किती पट जड) थांबतो. रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या (गाळलेल्या, क्षार काढलेल्या) पाण्याने शून्यावर आणलेला आहे, म्हणजे तोच बरोबर धरायचा ना? मीठ वाढवू की आहे तसंच ठेवू, उगाच कोरलवर प्रयोग नको म्हणून विचारतोय.

रीफवाला_ठाणे:
मीठ अजून घालू नकोस. शून्यावर आणलं म्हणजे फक्त खालचं टोक पक्कं झालं रे, आपल्याला वाचायचंय ३५ ला, तिथे मीटर किती चुकतो ते आरओच्या पाण्याने कळतच नाही.

आधी एक काम कर, भिंगातून दोन्ही स्केल (पीपीटी आणि विशिष्ट गुरुत्व) नीट बघ. ३५ च्या रेषेसमोर १.०२५ लिहिलंय की १.०२६४ च्या आसपास? समोर १.०२५ असेल तर तो समुद्राच्या पाण्याचा नाही, साध्या मिठाच्या द्रावणाचा मीटर आहे. बाजारात स्वस्तातले बरेचसे तसलेच असतात आणि डब्यावर मात्र अॅक्वेरियमचं चित्र. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम असं बरंच काही असतं, त्यामुळे त्यात प्रकाश वाकतो तो नुसत्या मिठाच्या पाण्यासारखा नाही वाकत. खरं ३५ चं समुद्राचं पाणी असल्या मीटरवर ३६.५ च्या जवळ दिसतं. म्हणजे तुझ्याकडे ३५ दिसत असेल तर टँकमध्ये साधारण साडेतेहेतीस. पेन ३३ सांगतोय, ते त्याला बऱ्यापैकी धरून आहे बघ.

हायड्रोमीटरचा काटा खाली राहतोय म्हणजे त्यावर क्षाराचा थर बसला असणार, वजन वाढलं की तो कमी दाखवतो. बुडबुडे चिकटले तर उलटं, जास्त दाखवतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून धुवून घे, पण रोजच्या निर्णयाला तो वापरू नको असं माझं स्पष्ट मत.

कोळंबी_प्रेमी (अलिबाग):
एवढं कशाला, समुद्राचं पाणी आणून तेच ३५ धरा की, मी इथल्या किहीमच्या किनाऱ्याहून आणतो.

रीफवाला_ठाणे:
दादा टँकला वापरत असाल तर तो वेगळा विषय, पण मीटर तपासायला नको. उघड्या अरबी समुद्रात वरचं पाणी ३६ च्या वर असतं कारण बाष्पीभवन जास्त आणि नद्यांचं पाणी कमी, आणि तुमच्या किनाऱ्यावर खाडीचं गोडं पाणी मिसळतं, पावसाळ्यात तर क्षार कुठल्या कुठे खाली जातो. ज्याचा आकडा आपल्याला आधीपासून ठाऊक नाही त्याने मीटर कसा तपासणार?

मीठ_मोजणी (नाशिक):
मी शाळेत केमिस्ट्री शिकवते, हा भाग माझ्या आवडीचा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तयार ३५ चं कॅलिब्रेशन पाणी मिळतं ते घ्या, पण बाटलीवर वाचा की ते रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे की कंडक्टिव्हिटीसाठी (५३ मिलिसिमेन्स असं लिहिलेलं असतं). काही बाटल्या एकालाच चालतात आणि लोक दोन्हीला वापरून मग डोकं धरून बसतात. घरी करायचं असेल तर रिफ्रॅक्टोमीटरसाठी ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी, हे समुद्राच्या ३५ इतकाच प्रकाश वाकवतं. पेनसाठी मात्र ३२.९ ग्रॅम मीठ आणि ९६७.१ ग्रॅम पाणी, कारण नुसतं मीठ वीज जास्त चांगली वाहून नेतं. एकच द्रावण दोघांना लावाल तर दोन आकडे येणारच आणि दोष मीटरचा नसेल.

मीठ साधं स्वयंपाकाचं आयोडीनचं चालतं, आयोडीन इतकं थोडं असतं की फरक पडत नाही. जाडं मीठ आणि सैंधव नको. ओल असेल तर तव्यावर कोरडं करून थंड झाल्यावर मोजा. वजनकाटा ०.१ ग्रॅमचा हवा, किचनचा काटा मिठात १ ग्रॅम चुकला की तुमचं उत्तर जवळजवळ १ पीपीटीने चुकलं. पाणी मोजायला मात्र किचनचा काटा पुरतो. उरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, उघडं राहिलं की पाणी उडून ते खारट होत जातं आणि मग त्याच्यावरही भरवसा नाही.

तापमानाचं पण बघा. एटीसी बहुतेक १० ते ३० डिग्रीपर्यंतच काम करतं, आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी खोली त्याच्या वर जाते, तेव्हा सकाळी मोजा. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा म्हणजे तो प्रिझमच्या तापमानाला येतो, मग उजेडाकडे धरून वाचा, टँकच्या निळ्या लाइटखाली रेषा फसवी दिसते. पेन टँकमध्ये बुडवू नका, कपात पाणी घेऊन त्यात हलवा म्हणजे बुडबुडे निघतात आणि पंपांच्या विजेचा त्रास होत नाही. पेनला तापमान फार लागतं हो, कंडक्टिव्हिटी दर डिग्रीला साधारण २ टक्क्यांनी बदलते, पेन ते आतल्या आत सुधारतो पण त्याला पाण्याच्या तापमानाला यायला वेळ द्यायला हवा.

निळं_डबकं (पुणे):
मॅडम आणि ठाणेकर, दोघांचेही मनापासून आभार. स्केल बघितलं, ३५ समोर १.०२५ च आहे! मग सोनाराच्या पद्धतीचा छोटा काटा आणला, ३६.५ वालं द्रावण केलं, मीटरवर साडेछत्तीस आलं. स्क्रू फिरवून ते ३५ वर आणलं, आता टँकचं पाणी ३३.५ दाखवतंय. पेनसाठी वेगळं द्रावण केलं तर पेन त्यात ३४.५ दाखवत होता, तो कॅलिब्रेट केल्यावर टँक ३३.५. दोघं जुळले. आता एकदम मीठ टाकू का?

रीफवाला_ठाणे:
नको नको, एकदम अजिबात नको. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओऐवजी ३५ चं कालवलेलं खारं पाणी घालत जा, ३५ आलं की परत आरओ. दिवसाला १ पीपीटीच्या पुढे वाढ जाऊ देऊ नको, कोरलला हळूहळू चढलेलं सोसतं. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) असेल तर तेवढे दिवस बंद ठेव, नाहीतर तो पाठीमागून गोडं पाणी ओततच राहील. आणि टॉर्च त्याने फुललाच नाही तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलायची ताकद) आणि फ्लो (पाण्याचा प्रवाह) बघ, साडेतेहेतीसला एकटा क्षार जबाबदार असेल असं मला वाटत नाही.

मीठ_मोजणी (नाशिक):
मीठ कालवल्यावर लगेच मोजू नका, पूर्ण विरघळून पाणी निवळू द्या. आणि तुमचा रिफ्रॅक्टोमीटर आता ३५ च्या आसपासच खरं बोलेल, नवीन मासा क्वारंटाइनला कमी क्षारात ठेवायचा झाला तर त्याच्यावर जाऊ नका, तिथे पेन वापरा.