मदत हवी आहे : गाडी यायच्या चार मिनिटं आधी बस सुटते. मागायचं काय आणि कसं?

नमस्कार मंडळी,

आमच्या भागात रेल्वे आहे, बसही आहे, पण दोघींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही. संध्याकाळची पॅसेंजर फलाटाला लागते त्याच्या चार मिनिटं आधी स्टेशनबाहेरची बस सुटलेली असते. गाडी वेळेवर आली तर ही गत. उशीर झाला तर विचारूच नका. पुढची बस तासाभराने. लोक पिशव्या सांभाळत पुलाच्या पायऱ्या उतरतात, थांब्याकडे एकदा बघतात आणि तिथेच चौघं-पाचजण मिळून खासगी गाडी ठरवायला लागतात. आताशा बससाठी कुणी पळतही नाही.

ती बस पुढे जवळपास रिकामीच धावते. आणि बसच्या कार्यालयात गेलं की तोच रिकामेपणा आमच्या तोंडावर मारतात: "तुमच्या मार्गावर प्रवासीच नाहीत, आहे ती फेरी चालू आहे हे नशीब समजा." रेल्वेकडे गेलो तर बसचं बसवाल्यांना विचारा.

आम्ही रोजचे काही प्रवासी, त्यात दोन निवृत्त शिक्षिका. निवेदन दिलं, पोच मिळाली, शिक्का मिळाला, उत्तर नाही. आता सह्यांची मोहीम काढू, असं बहुतेकांचं म्हणणं. माझं मन घेत नाही. निवेदनात "बससेवा सुधारावी" एवढंच आहे, आणि असल्या मोघम मागणीला "प्रयत्न सुरू आहेत" याखेरीज दुसरं काय उत्तर येणार?

तर मागणी नेमकी कशी मांडावी? बस दहा मिनिटं उशिरा सोडा एवढंच तर म्हणणं आहे, ते इतकं अवघड का? आणि "प्रवासी नाहीत" याला आकड्यांत उत्तर द्यायचं तर मोजायचं काय? असं काम कुणी कुठे तडीला नेलेलं माहीत असेल तर तेही सांगा. राजकारणावरचे प्रतिसाद कृपया नकोत, त्याला दुसरे धागे आहेत.

प्रतिसाद १

वेळापत्रकं लावण्याच्या कामात बरीच वर्षं गेली म्हणून लिहितो. समजा बसला जायला २५ मिनिटं, यायला २५, आणि दोन्ही टोकांना मिळून १० मिनिटं विसावा. फेरा झाला ६० मिनिटांचा, म्हणजे एकाच बसमध्ये तासाला एक फेरी निघते. तुम्ही प्रत्येक वेळी "गाडीसाठी दहा मिनिटं थांबा" म्हणालात की फेरा ७० चा झाला. तासाला एक फेरी टिकवायची तर आता दुसरी बस आणि दुसरा चालक-वाहक हवा. तुम्हाला दहा मिनिटं दिसतात, साहेबांना एक अख्खी बस दिसते. नकार तिथून येतो.

म्हणून "थांबवा" म्हणू नका, "सगळ्या फेऱ्या दहा मिनिटांनी सरकवा" म्हणा. बस तीच, माणसं तीच, खर्च तोच. फक्त दुसऱ्या टोकाला शाळेची किंवा कारखान्याची वेळ चुकत नाही ना, आणि तीच बस मधे दुसऱ्या मार्गावर जात नाही ना, हे आधी बघा. त्यासाठी साहेबांआधी चालक-वाहकांना गाठा. कुठे पाच मिनिटं सैल आहेत ते त्यांना तोंडपाठ असतं.

प्रतिसाद २

मोजणीबद्दल. बसमध्ये किती बसले ते मोजू नका, तो आकडा त्यांच्याकडे आहेच आणि तो तुमच्या विरोधात जातो. गाडीतून उतरून त्या दिशेला किती जण गेले ते मोजा. स्टेशनच्या दाराशी उभं राहून दोनच प्रश्न: कुठे निघालात, आणि आत्ता कसे जाणार? "बस असती तर गेला असता का?" हे विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात आणि कार्यालयात ते कुणी धरत नाही.

गाडी प्रत्यक्षात किती वाजता लागली तेही रोज टिपा. ती नेहमीच पंधरा मिनिटं उशिरा येत असेल तर तुमची दहा मिनिटांची मागणी मान्य होऊनही बस चुकणारच.

अवांतर: सकाळची बसही रिकामी असेल, पैज लावतो. संध्याकाळी परतायची खात्री नसेल तर सकाळी बसने कोण निघेल?

प्रतिसाद ३

सह्यांचं म्हणाल तर ब्रिटनमधली दोन उदाहरणं. स्कॉटलंडमधला वेव्हर्ली हा रेल्वेमार्ग बंद होऊ नये म्हणून १९६८ मध्ये ११ हजारांहून अधिक सह्या थेट पंतप्रधानांच्या दारी नेल्या होत्या. १९६९ च्या जानेवारीत मार्ग बंद झालाच. पुढे १९९९ मध्ये नागरिकांचा गट उभा राहिला, त्याने नेटाने पाठपुरावा केला, २००६ मध्ये स्कॉटिश संसदेत कायदा झाला आणि २०१५ मध्ये एडिनबरापासून ट्वीडबँकपर्यंतचा तुकडा पुन्हा सुरू झाला. याउलट इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल रेल्वेमार्ग बंद करायचं घाटत होतं तेव्हा लोकांनी हरकती नोंदवल्याच, शिवाय त्या मार्गावरचा प्रवासही वाढला. "कुणी बसत नाही" हे म्हणायची सोयच उरली नाही. १९८९ मध्ये बंदीचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

तुमच्या मूळ दुखण्यावरचं औषध स्वित्झर्लंडमध्ये सापडेल. तिथे १९८२ पासून गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात. १९८७ च्या सार्वमतात पुढचा आराखडा मंजूर झाला आणि २००४ मध्ये त्याचा मोठा टप्पा लागू झाला. मोठ्या स्टेशनांत गाड्या तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्याला एकत्र येतात, बसही त्याच बेताने. नवा लोहमार्ग किती वेगाचा हवा हे आधी वेळापत्रक ठरवतं. आपल्याकडे उलटं चालतं, आधी उद्घाटन, मग वेळापत्रक. (राजकारण नको म्हणालात, गप्प बसतो.)

धागाकर्ता

प्रतिसाद १, फेऱ्याचं गणित डोक्यात लख्ख बसलं, मनापासून आभार. सह्या सध्या बाजूला. मोजणी सुरू करतो आणि निवेदन नव्याने लिहितो: सर्व फेऱ्या दहा मिनिटांनी सरकवाव्यात, आणि रेल्वेची वेळ बदलली की ती बसकडे लेखी कळवण्याची जबाबदारी कुणाची, ते ठरवावं.

एक शंका उरतेच. गाडीला उशीर झाला तर बसने थांबावं असं मागायचं का? पुढच्या थांब्यांवरच्या लोकांचा काय दोष?

प्रतिसाद १

दिवसाच्या फेऱ्यांना थांबण्याची कमाल मर्यादा मागा, तीन ते पाच मिनिटं. शेवटच्या फेरीचा नियम मात्र वेगळा हवा. दुपारची बस चुकली तर तास जातो, शेवटची चुकली तर माणूस स्टेशनवर अडकतो. तिथे गाडी येईपर्यंत बस हलू नये, आणि गाडी कुठवर आली ते स्टेशनमास्तरकडून वाहकाला फोनवर कळावं. ही मागणी निवेदनात पहिली घाला. बिनखर्चाची आहे, लवकर पदरात पडेल.