पोशाखाच्या इतिहासात पीएच.डी. : सुरुवात कपड्यापासून करू की कागदपत्रांपासून?

नमस्कार. या क्षेत्रात काम केलेल्यांचा सल्ला हवा आहे.

इतिहासात एम.ए. झालंय, शिवणकाम चांगलं येतं. पोशाख आणि ओळख यांवर संशोधन करायचं हे नक्की आहे. ‘कपड्यांवर कसलं आलंय संशोधन’ हे ऐकून झालंय. पण स्कॉटलंडमध्ये १७४६च्या कायद्याने पुरुषांना डोंगराळ भागाचा पोशाख (किल्ट म्हणजे चौकटीच्या कापडाचा घागरा वगैरे) घालायला बंदी केली. ती १७८२मध्ये उठली, आणि पुढच्या चाळीस वर्षांत, १८२२ साली, खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गमध्ये त्याच पोशाखात मिरवला. पॅरिसमध्ये १८०० सालच्या हुकुमाने बाईला पँट घालायची तर पोलिसांची परवानगी लागायची. कपड्यावरून माणूस कोण हे ठरत नसतं, तर राज्यकर्त्यांनी हे कायदे कशाला केले असते?

अडचण पुढे आहे. एक प्राध्यापक म्हणतात, कायदे, पत्रं, छायाचित्रं वाच, ओळख तिथेच सापडेल. दुसऱ्या म्हणतात, आधी कपडा वाचायला शीक. मला दुसरं जास्त पटतं. एका संग्रहालयात मदतनीस असताना एक जुना कोट हाताळायला मिळाला. जांभळा कृत्रिम रंग १८५६ नंतरचा, मशीनची शिवण कुठे आणि हाताचे टाके कुठे, हे बघत कालखंडाचा अंदाज बांधायला तिथे शिकले. कोटाच्या दोन्ही बाजूंची माया (शिवणीत आत राखलेलं जादा कापड) तीनदा सोडलेली होती, जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती. ब्रिटिश पोशाख-इतिहासकार जेनेट अर्नोल्ड यांनी असेच जुने कपडे मोजून त्यांचे साचे कागदावर उतरवले, तेव्हा केवढं तरी नवं हाती आलं.

पण त्या कोटाने मला अडवलं. घालणारा जाड झाला, की कोट दुसऱ्याकडे गेला? आणि तो अंगावर चढवताना त्या माणसाला आपण कोण वाटत होतो? शिवणीत ते लिहिलेलं नसतं.

तर प्रबंधासाठी एकच संग्रह धरून त्याला कागदपत्रांची जोड द्यावी, की उलट? आधी वस्त्रजतनाचं प्रशिक्षण घेतलं तर ती वर्षं वाया जातील का? मार्गदर्शक इतिहास विभागात शोधू की समाजशास्त्रात? संग्रहालयात वस्त्रांच्या विभागात नोकरी करणारं कुणी असेल, तर निवडीत पीएच.डी. जास्त बघतात की कपडा हाताळण्याचा अनुभव, हे जरूर सांगा. अर्ज याच महिन्यात करायचा आहे.