मेयर, महापौर की नगराध्यक्ष?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या १८८६ सालच्या मेयरपदाच्या निवडणुकीवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितो आहे. 'मेयर'ला सरळ 'महापौर' म्हणू का? मित्राचं म्हणणं, आपल्या चिपळूणच्या वाचकाला 'नगराध्यक्ष'च जवळचा वाटेल. आणि तिथल्या 'आल्डरमन' मंडळींना 'नगरसेवक' म्हटलं तर चालेल?

उत्तर : शब्दकोशात पाहाल तर 'महापौर' बिनचूक आहे, पण नुसता तेवढाच शब्द ठेवलात तर वाचकापुढे भलतीच निवडणूक उभी राहील. आपल्याकडे लोक नगरसेवक निवडून देतात आणि नगरसेवक सभागृहात आपल्यातल्या एकाला महापौर करतात, तेही अडीच वर्षांसाठी. त्यामुळे 'महापौरपदाची निवडणूक' म्हटलं की आपल्याला व्हिप, फोडाफोडी, सहलीला नेऊन ठेवलेले नगरसेवक हेच आठवतं. तुमच्या निवडणुकीत कौल थेट मतदारांचा होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या एब्रम ह्युइट यांना सुमारे ९० हजार मतं पडली, कामगारांच्या बाजूने उभे राहिलेल्या हेन्री जॉर्ज यांना ६८ हजार, आणि तिसरे आले अठ्ठावीस वर्षांचे थिओडोर रूझवेल्ट, सुमारे ६० हजार मतं घेऊन. हे थेटपण शब्दात उतरलं नाही तर जॉर्ज यांच्या ६८ हजारांचं मोल वाचकाला कळणारच नाही.

मित्राचं म्हणणं निवडीच्या पद्धतीपुरतं बरोबर आहे. राज्यात २०१६ ला नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडले गेले, २०२० मध्ये ती तरतूद काढली, २०२२ मध्ये ती परत आली. या सगळ्यात 'थेट नगराध्यक्ष' हा जोडशब्द राजापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. पण नगराध्यक्ष म्हणजे नगरपरिषदेचा. त्या काळीच दहा लाखांवर वस्ती असलेल्या न्यूयॉर्कला तो शब्द तोकडा पडतो. पनवेल बघा : १८५२ पासूनची नगरपालिका, २०१६ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली आणि तिथल्या प्रमुखाचं नावही बदललं. आपल्या भाषेत या पदनामांना शहराचं माप चिकटलेलं आहे, ते सोडवता येत नाही.

म्हणून माझं मत : पहिल्या उल्लेखाला 'थेट मतदारांनी निवडलेला महापौर' असं लिहा, पुढे नुसतं 'महापौर'. 'मेयर' ठेवलंत तरी मी नाव ठेवणार नाही. मराठी वाचकाला तो परका नाही.

तरी 'महापौर' मला प्रिय आहे. पुर म्हणजे नगर, पुरात राहणारा तो पौर, आणि त्या पौरांत मोठा तो महापौर. यात राजा नाही, साहेब नाही. नागरिकांतलाच एक आहे. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेल्या शब्दांत हा गणला जातो. ते १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचा त्यांचा आग्रह याच काळात इथे वाढला. आम्हा रत्नागिरीकरांच्या गावाला स्वतःला आजवर महापौर नाही, नगरपरिषदच आहे, तरीही हा शब्द आम्हाला घरचा वाटतो.

मात्र जुन्या काळावर लिहिताना तो मागे ओढू नका. मुंबईत कॉर्पोरेशनच्या प्रमुखाला १९३१ पर्यंत 'प्रेसिडेंट' म्हणजे अध्यक्षच म्हणत. फिरोजशहा मेहतांना 'मुंबईचे महापौर' म्हटलेलं मी वाचलं आहे. ते अध्यक्ष होते. महाडचं उदाहरण तर फार महत्त्वाचं. तिथल्या म्युनिसिपालिटीने १९२४ मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव केला, १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी तो हक्क प्रत्यक्ष बजावला आणि त्याच ऑगस्टमध्ये म्युनिसिपालिटीने ठराव मागे घेतला. सुरेंद्रनाथ टिपणीस त्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते. त्यांना कौतुकाच्या भरात महापौर केलंत तर एका लहान गावात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष पत्करून, त्यांनी काय केलं हेच झाकलं जाईल. 'म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष' एवढंच लिहावं.

आता आल्डरमन. मुळात त्या शब्दात 'वडीलधारा' असा अर्थ आहे, म्हणून आपला जुना 'नगरपिता' त्याला अधिक जवळचा. 'नगरसेवक'मध्ये सेवेची भावना आहे आणि तो त्या मानाने अलीकडचा. न्यूयॉर्कच्या १८८४ सालच्या आल्डरमन मंडळातल्या कित्येकांवर ब्रॉडवेवरच्या ट्रामचा परवाना देताना लाच घेतल्याचे आरोप होते, आणि तुमच्या निवडणुकीच्या वर्षी खटलेही चालू होते. त्या बातम्यांत सारखं 'नगरसेवक' आलं तर वाचक आजच्या कुणाशी तरी त्याची सांगड घालत बसेल. 'आल्डरमन' तसाच ठेवा, एकदा 'नगरपित्यांचं मंडळ' असा खुलासा करा.

पुन्हा प्रश्न : 'शहरातील नागरिकांनी ह्युइट यांना निवडून दिले' हे वाक्य ठीक आहे ना?

उत्तर : 'मतदारांनी' लिहा. न्यूयॉर्क राज्यात बायकांना मताचा अधिकार १९१७ मध्ये मिळाला. १८८६ मध्ये शहरातल्या निम्म्या मोठ्या माणसांना मतच नव्हतं, आणि 'नागरिकांनी' म्हटलं की त्याही त्यात धरल्या जातात.