मदत हवी आहे: रॅलीत मार्शल म्हणून उभं असताना गावकऱ्यांना कसं थांबवावं?

नमस्कार मंडळी,

कार रॅलीत मार्शल म्हणून, म्हणजे गाड्या धावताना बंद रस्त्यावर कुणी येऊ नये हे पाहायला, स्वयंसेवा केलेलं इथे कुणी असेल तर मला तुमच्याशी बोलायचं आहे. प्रश्न एकच आहे, पण तो वर्षभर डोक्यातून गेलेला नाही. लिहायला थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या एका रॅलीत मी पहिल्यांदा मार्शल होतो. आदल्या संध्याकाळी तासभर माहिती दिली, केशरी जॅकेट, शिट्टी आणि टेपचं भेंडोळं हातात दिलं आणि पहाटे पाच वाजता जीपने एकेकाला आपापल्या जागी सोडलं. माझी जागा म्हणजे मुरमाच्या रस्त्याला एक पाणंद येऊन मिळते तो फाटा. पाणंदीच्या एका बाजूला चार-पाच घरांची वस्ती, रस्त्याच्या पलीकडे त्यांचीच वावरं. वॉकीटॉकी माझ्याकडे नव्हती. ती पुढच्या वळणावरच्या मार्शलकडे होती, साधारण चारशे मीटरवर.

स्पर्धकांच्या आधी रस्ता मोकळा आहे ना ते बघणारी शून्य नंबरची गाडी गेली, मग स्पर्धकांच्या गाड्या सुरू झाल्या. धुरळा बसावा म्हणून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडत होते. दहाबारा गाड्या गेल्या असतील. एक आजोबा दोन गाई आणि एक वासरू घेऊन अर्धा तास माझ्या टेपमागे उभे होते. आधी शांत होते, मग म्हणाले, "मपल्याच वावरात जायला तुझी परवानगी लागती का रे पोरा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझे आजोबा असेच होते हो.

मग एकदम गाड्या येणं थांबलं. चार मिनिटं झाली, पाच झाली. मला वाटलं, मागे कुठेतरी खोळंबा झालाय, एवढ्यात होऊन जाईल. मी टेप खाली केली. गाई गेल्या. वासरू मधोमध थांबलं. आणि तेवढ्यात वळणाआडून इंजिनाचा आवाज आला.

आजोबांनी दावं ओढलं, मी मागून ढकललं, आणि आम्ही बाजूला झालो. त्यानंतर गाडी यायला पाच-सहा सेकंद लागले असतील. कुणाला काही झालं नाही. चालकाला तर कळलंही नसेल. मी घडलेलं पोस्टप्रमुखांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा करू नकोस," आणि विषय संपला.

पण माझा संपला नाही. घरी येऊन मी हिशोब केला. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. माझ्या जागेवरून वळणापर्यंतचा रस्ता फार तर ८० मीटर दिसत होता. म्हणजे गाडी दिसल्यापासून माझ्या हातात तीन सेकंदही नव्हते. २०१९ साली राजस्थानात रॅलीच्या बंद रस्त्यावर मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघं गेले, ती बातमी मी तेव्हा वाचून पुढे गेलो होतो. आता तसं जाता येत नाही.

यंदा पुन्हा बोलावणं आलंय आणि मला जायचंय. रॅली मला मनापासून आवडते. पण तो फाटा पुन्हा मिळाला तर मी काय करू? ज्याचा रस्ता त्यालाच अडवायचं, तेही हातात शिट्टीशिवाय काही नसताना, हे नीट कसं करतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

सगळं जसंच्या तसं लिहिलंस, फार चांगलं केलंस. मी चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत, चेन्नईकडे आणि आपल्या नाशकात मिळून बरीच वर्षं मार्शल म्हणून उभा राहिलो आहे. तुझ्यासारखा क्षण आमच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला आला आहे. फार थोडे सांगतात.

पहिली गोष्ट म्हणजे गाड्यांमध्ये पडलेली मोठी फट. नवीन मार्शलला ती सवलत वाटते, प्रत्यक्षात सगळ्यात धोक्याची वेळ तीच असते. फट का पडली हे तुला माहीत नसतं. एखादी गाडी मागे बंद पडली असेल, कुणाचं चाक पंक्चर झालं असेल, सुरुवातीला एखाद्याला उशीर झाला असेल. कारण काहीही असो, पुढची गाडी कधीही येऊ शकते, आणि ती वेळ भरून काढायला जास्तच जोरात येते. शेवटच्या स्पर्धकामागून स्वीपर गाडी येते. ती तुझ्यासमोरून जाऊन रेडिओवरून, म्हणजे वॉकीटॉकीवर, स्टेज (शर्यतीसाठी बंद केलेला रस्त्याचा टप्पा) मोकळं झाल्याचा निरोप येईपर्यंत रस्ता बंद म्हणजे बंद. मध्ये 'जरा पटकन' नाही, अगदी कुत्र्यासाठीही नाही.

दुसरं, तुझ्या जागी रेडिओ नव्हता ही चूक तुझी नव्हती. वस्तीचा रस्ता येऊन मिळतो तिथे रेडिओ हवाच. यंदा जागा वाटताना हे तोंडावर माग. नसेल तर दुसरी जागा दे म्हणावं. पायी जाणाऱ्या माणसाला अडवायचं हत्यार शिट्टी नव्हे, रेडिओ आहे. समज वस्तीवर बाईला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला. तेव्हा तू टेप खाली करायची नाहीस, रेडिओवर सांगायचं. स्टेज कमांडर, म्हणजे त्या स्टेजचा प्रमुख, सुरुवातीलाच गाड्या सोडणं थांबवतो, आत असलेल्या गाड्या बाहेर पडू देतो आणि मग रस्ता मोकळा करून देतो. स्टेज रद्द झालं तरी चालतं. हा निरोप द्यायचा अधिकार तुला आहे, पण ब्रीफिंगमध्ये तो ठासून सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

तिसरं, तुझी स्वतःची जागा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभं राहू नकोस, गाडी सुटली की तिकडेच येते. रस्त्यापेक्षा उंचावर, बांधाच्या किंवा जाड झाडाच्या मागे थांब आणि मागे पळायला वाट ठेव. गाड्या चालू असताना खुर्चीत बसायचं नाही, रस्त्याकडे पाठ करायची नाही. तू आजोबांशी बोलत होतास तेव्हा तुझं तोंड कुठे होतं, आठवून बघ. टेपही रस्त्यालगत बांधू नकोस, पाणंदीत दहा-पंधरा पावलं आत बांध. म्हणजे जनावर बिथरलं तरी सावरायला जागा राहते.

गाडी उलटली तर काय, हे ब्रीफिंगमध्ये सांगितलं असेलच. तरी लक्षात ठेव: क्रू (चालक आणि सहचालक) हिरवा ओके फलक दाखवतोय की लाल एसओएस, हे आधी बघायचं, आणि गाडीचा नंबर, जागा, दोघांची अवस्था एवढं रेडिओवर द्यायचं. धावत सुटायचं नाही, मागून पुढची गाडी येतच असते.

प्रतिसाद २

मी मार्शल नाही. पण माझ्या माहेरच्या शिवारातून एकदा रॅली गेली होती, म्हणून लिहिते.

आदल्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला, टाइप केलेला. 'सकाळी ६ ते दुपारी २ रस्ता बंद.' तो वाचला किती जणांनी? माझी आई वाचू शकत नाही. सकाळी दूध डेअरीवर न्यायची वेळ साडेसहाची. संकलन आठला बंद होतं. त्या दिवशी आमच्या वस्तीवरच्या पाच घरांचं दूध राहिलं. तुम्ही म्हणाल, एका दिवसाचं दूध. ज्याच्या घरात दोनच गाई आहेत त्याला विचारा.

त्या आजोबांना राग तुमच्या टेपचा नव्हता दादा. कुणी त्यांना आधी विचारलंच नव्हतं, त्याचा होता. तुम्ही अर्धा तास त्यांच्याजवळ उभे होतात. रॅली म्हणजे काय, गाडी किती वेगात येते, रस्ता किती वाजता उघडेल, हे सांगितलं होतं का?

प्रतिसाद १

ताईंनी लाखमोलाचं लिहिलंय. मी त्यात भर घालतो. आमच्या एका जुन्या मार्शलची पद्धत अशी होती की ते दोन दिवस आधी फाट्याजवळच्या प्रत्येक घरी चहा प्यायचे. पोलीस पाटलांना भेटायचे, कोतवालाकडून दवंडी द्यायला लावायचे. दुधाची, शाळेची, बाजाराची वेळ विचारून वहीत लिहायचे. मग आयोजकांशी भांडून दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, म्हणजे पहिली फेरी संपून दुसरी सुरू होण्याआधी, रस्ता उघडवून घ्यायचे. दरवेळी जमायचं नाही. पण जमायचं तेव्हा त्यांच्या फाट्यावर कुणी हुज्जत घालत नसे. उलट वस्तीतलीच दोन पोरं जॅकेट घालून शेजारी उभी राहायची.

प्रतिसाद ३

मी इंग्लंडमध्ये राहते, इथे आणि वेल्समधल्या जंगलातल्या रॅलींना मार्शल म्हणून जाते. इथे मोटरस्पोर्ट यूके या नियामक संस्थेचं ऑनलाइन प्रशिक्षण असतं. ते मोफत आहे आणि घरबसल्या करता येतं. आपल्याकडे एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेशी संलग्न क्लबांकडे असं प्रशिक्षण कधी आहे हे विचारा, एक तासाच्या ब्रीफिंगवर राहू नका. विम्यात स्वयंसेवक धरलेत का, हेही लेखी विचारा.

इथे अडचण शेतकऱ्यांची नसते, प्रेक्षकांची असते. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षकांचा मृत्यू झाला, त्यानंतर सरकारने सुरक्षेचा सगळा आढावा घ्यायला लावला. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. लोक ऐकत नसतील तर मार्शलने वाद घालत बसायचं नाही, रेडिओवर कळवायचं. स्पर्धकांच्या आधी सुरक्षा गाड्या येतात, त्यातल्या अधिकाऱ्यांना दिसलं की लोक चुकीच्या जागी उभे आहेत, तर स्टेज सुरूच होत नाही. मी दोनदा असं होताना पाहिलंय. प्रेक्षक चिडतात, चालक चिडतात. चिडू देत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. अर्धा तास मी त्यांना फक्त "थांबा आजोबा, थांबा" एवढंच म्हणत राहिलो.

काल आयोजकांना फोन केला. फाट्यावर रेडिओ देणार असाल तरच येतो, असं सांगितलं. त्यांनी मान्य केलंय. दोन फेऱ्यांमध्ये रस्ता उघडण्याचं अजून नक्की नाही. किती वेळ लागेल ते लेखी द्या म्हणाले, म्हणून रविवारी त्या वस्तीवर जातोय. आजोबांना भेटायचं आहे, आणि दूध किती वाजता निघतं ते विचारायचं आहे. वासरू एव्हाना चांगलं मोठं झालं असेल.

जाऊन आलो की इथेच लिहितो.