१६ तास उपास: वजन घड्याळ उतरवतं की ताट?

मोजूनमापून:
१६ तास उपाशी, ८ तासांत काय ते जेवण. ऑफिसात निम्मे लोक सध्या यावर आहेत. माझ्या मते यात घड्याळाची करामत काही नाही. संध्याकाळची खारी आणि रात्रीचं फरसाण सुटतं, म्हणून काटा खाली येतो. २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ११६ जणांवर १२ आठवडे प्रयोग केला. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं तीन वेळा. किती खायचं याला बंधन नाही. पहिला गट सरासरी ०.९४ किलोने उतरला, दुसरा ०.६८ ने. यासाठी सकाळच्या पोह्यांवर पाणी सोडायचं?

दोनदाच जेवणारा:
अहो, मग तुमच्याच तर्काने पद्धत चालतेच की! खारी सुटली हे काय कमी झालं? शेंगदाण्याच्या चटणीत किती कॅलरी, हे वहीत कोण लिहीत बसणार? डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. जिचकारांचा विचार घेऊन सरळ नियम दिला: कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण उरका, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. माझ्या आईलाही तो एका बैठकीत कळला. मधे कोणी पेढा पुढे केला तर 'नको' म्हणायला कारण मिळतं. आपल्याकडे हे कारण मिळणंच अवघड.

सूर्यास्तापूर्वी:
दोघंही वजनावरच अडलात. २०१८ साली अमेरिकेतल्या अलाबामात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना पाच आठवडे सहा तासांतच जेवण दिलं, शेवटचं दुपारी तीनच्या आत. वजन घटू नये इतकं अन्न मुद्दाम दिलं होतं. तरी इन्सुलिनला शरीर जास्त दाद देऊ लागलं, रक्तदाबही उतरला. म्हणजे घड्याळाला किंमत आहे, पण सकाळच्या. संध्याकाळनंतर तोच भात साखर जास्त चढवतो. आपण नेमकं उलटं करतो: नाश्ता बुडवायचा आणि रात्री साडेनऊला मालिका बघत पोटभर जेवायचं. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्यापिण्याचा नेम, पाळणारे जैन शेजारी या बाबतीत आपल्या पुढे आहेत.

मोजूनमापून:
त्या प्रयोगात माणसं किती होती तेही सांगा की. आठ! आणि चीनमध्ये २०२२ साली १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या, त्यातल्या निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत. म्हणजे तुमचीच सकाळची खिडकी (जेवायची ठरलेली मुदत). वेळ पाळणारे सरासरी ८ किलोने उतरले, बाकीचे ६.३ ने. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक टिकला नाही, साखरेतही खास काही निघालं नाही.

डोंबिवली फास्ट:
सूर्यास्तापूर्वी जेवा म्हणे! सव्वासातला मी गाडीत लटकलेली असते. घरी पोचून कुकर लावायचा, तोवर साडेआठ. नवऱ्याने मध्यंतरी 'सहानंतर काही नाही' सुरू केलं. त्याचा डबा सकाळी वेगळा, मुलांचं रात्री वेगळं, आणि उरलेली भेंडी माझ्या पोटात, तीही दहा वाजता. त्याचं वजन उतरलं, माझं चढलं. प्रयोगात हे कुठल्या रकान्यात लिहितात?

दोनदाच जेवणारा:
ताई, त्याला म्हणावं कुकर तू लाव.

औषधांचा माणूस:
दुकानात रोज बघतो म्हणून लिहितो. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कुणाचं ऐकून जेवण गाळू नका. गोळी आपलं काम करतच राहते, पोटात अन्न नसलं की साखर घसरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, कधी शुद्धही जाते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, मग खिडकी आठची ठेवा नाहीतर सहाची.

दोनदाच जेवणारा:
हे मात्र शंभर टक्के मान्य. आईच्या गोळ्या आधी कमी करून घेतल्या होत्या, ते वर लिहायला हवं होतं. बाकी मोजूनमापून, तुमचा नाश्ता किती वाजता असतो?

मोजूनमापून:
साडेआठला. पोहे, वर शेव. शेव मोजत नाही.